भुकेचे पाच दिवस

बातमी तशी चांगली होती, आणि ती ऐकून त्याला धस्स झालं. समोर डॉक्टरीणबाई, त्यांच्या पुढ्यात दोन कागद. शेजारी बायको, खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसलेली. खाली फरशीवर मुलगी, बुटाचा पट्टा टर्रकन उघडून पुन्हा चिकटवण्याच्या उद्योगात गर्क. डॉक्टरीणबाई नेहमीसारख्या सावकाश बोलत होत्या. ल्युकेमिया पहिल्या काही आठवड्यांतच तपासणीत दिसेनासा झाला होता, आता जे चाललंय ते तो परत येऊ नये म्हणून. रोजची गोळी आहे, आठवड्याच्या गोळ्या आहेत, त्या तशाच राहतील. प्रश्न आहे तो दर चार आठवड्यांनी शिरेतून द्यायच्या इंजेक्शनचा आणि त्याच्याबरोबर सलग पाच दिवस द्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. बऱ्याच हॉस्पिटलांनी मिळून आता एक तुलना सुरू केली आहे. काही मुलांना हे आत्तासारखंच चार आठवड्यांनी मिळेल, काहींना बारा आठवड्यांनी. कुणाला कुठलं ते संगणक ठरवेल, डॉक्टर नाही आणि आईबापही नाहीत. तुमची तयारी असेल तर परवा येताना सांगा. नसेल तर काही बिघडत नाही, चाललंय तेच पुढे चालू राहील.

बायकोने विचारलं, म्हणजे ती भूक, ती चिडचिड, ते पाय दुखणं, सगळं तीन महिन्यांतून एकदाच? तशी निवड झाली तर, हो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोचा चेहरा एकदम मोकळा झाला. किती दिवसांनी त्याने तो तसा पाहिला. आणि नेमकं तेव्हाच त्याला धस्स झालं. घरातलं कुणीतरी उद्या गावाला जायला निघालंय आणि ते आपल्याला आत्ताच कळतंय, तसं काहीतरी. त्याने विचारलं, "पण कमी पडलं तर?" प्रश्न रास्त होता. कुठल्याही बापाने हाच विचारला असता. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले. "तेच तर बघायचंय. हे दर महिन्याला द्यायची पद्धत पडली तेव्हा सुरुवातीचे उपचार आजच्याइतके कडक नव्हते. आता ते इतके कडक आहेत की नंतर एवढ्या वेळा द्यायला हवं का, याची कुणालाच खात्री नाही. कुठलं बरं हे मला ठाऊक असतं तर मी तुम्हाला विचारत बसले नसते, सरळ तेच दिलं असतं." त्याने मान हलवली. प्रश्न रास्तच होता, फक्त तो जिथून यायला हवा तिथून आला नव्हता, आणि हे त्या खोलीत त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

बायको मुलीला घेऊन घरी गेली आणि तो ऑफिसला निघाला. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं करणं हे त्याचं काम, आणि गेली कित्येक वर्षं तो ते इतक्या मन लावून करत आलाय की साधं लग्नाला गेला तरी पंगत किती वेळात उठते हे त्याच्या डोक्यात आपोआप मोजलं जातं. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. त्याने ते दोन कागद काढून मांडीवर शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर चौकोनांच्या रांगा होत्या, ज्या दिवशी स्टेरॉइड तो चौकोन काळा. पहिल्या कागदावर काळे चौकोन दाटीवाटीने आलेले, दुसरा बराचसा पांढरा. वेळापत्रक म्हणून पाहिलं तर दुसराच कागद देखणा होता. शेवटच्या थांब्यावर गाडी दोन-चार मिनिटं नुसती उभी असते, ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करतो, आणि लोकांना वाटतं हा सरकारी आळशीपणा आहे. पण त्या रिकाम्या मिनिटांवरच सगळं उभं असतं, ती काढून घेतली की दुपारपर्यंत सगळ्या गाड्या एकमेकींच्या पाठीला लागतात. त्या मिनिटांसाठी तो वरिष्ठांशी भांडलेला आहे, एकदा तर टेबलावर हात आपटून. म्हणजे पांढऱ्या चौकोनांची किंमत त्याला कुणी शिकवायला नको होती. तरी त्याची नजर पुन्हा पुन्हा काळ्या चौकोनांकडे जात होती, आणि त्यांच्याकडे पाहताना त्याला उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता.

त्या पाच दिवसांत मुलगी मुलगी राहत नाही. पहिल्या दिवशी नुसती गप्प होते, दुसऱ्या दिवशी गाल फुगायला लागतात, आणि तिसऱ्या दिवसापासून घरात तिचं राज्य सुरू होतं. सगळ्यांच्या ताटांवरून तिची नजर फिरते. कुणी किती घेतलं, कुणी काय उरवलं, डब्याचं झाकण कुणी उघडलं. म्हणून त्याने तिचं नाव चेकर ठेवलं. बसमध्ये तिकीट तपासायला चढतो तो चेकर. तिला ते आवडलं. एरवीची मुलगी हळू बोलणारी, दार लावतानाही कडीचा आवाज होऊ न देणारी. शेजारच्या काकूंनी चॉकलेट दिलं तर आधी आईकडे बघणारी. चेकर मात्र चमचा फेकते. चेकर म्हणते, हा बटाटा आतून कच्चा आहे, तुला येत नाही तर सांगायचं. आणि चेकरला पहाटे भूक लागते. अंधार सरायच्या आत ती खोलीतून नुसती बाबा अशी हाक मारते, आणि ती हाक ऐकून तो असा उठतो की आयुष्यात ऑफिसच्या गजराने त्याला कधी तसं उठवलं नाही.

मग स्वयंपाकघर, दिवा, गॅसवर पातेलं. ती त्याचा स्वेटर घालून स्टुलावर चढून बसते, बाह्या गुडघ्यांच्या खाली लोंबतात. बटाटे उकडायला वेळ लागतो आणि चेकरला धीर नसतो, म्हणून त्याने एक युक्ती काढली होती: तो तिला एखाद्या मार्गाचे थांबे म्हणून दाखवायचा. पाण्याची टाकी, जुना पूल, पोस्ट, मुलींची शाळा, मधला बाजार, लाकडाची वखार. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हात वर करून गाडी थांबवायची. इथे कोण चढलं? मग त्याने कुणालातरी चढवायचं. एक बाई चढली, तिच्या पिशवीत मांजर आहे. तिकीट काढलं का मांजराचं? नाही काढलं. मग उतरव. बटाटे शिजेपर्यंत अर्धी गाडी रिकामी झालेली असे. ती मीठ लावून गरम गरम खायची, फुंकर मारायलाही न थांबता, आणि खाता खाता विचारायची. गाड्या रात्री एकट्या असतात का. इंजिन बंद केलं की गाडीला आपण कुठे आहोत ते कळतं का. मी हॉस्पिटलात होते तेव्हा माझी खोली काय करत होती. यातला एकही प्रश्न तिने एरवी, दिवसाउजेडी, कधी त्याला विचारला नव्हता. तिसऱ्या बटाट्यानंतर ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकायची, जड, घामेजलेलं, औषधाच्या वासाचं डोकं, आणि बाहेर उजाडायचं. तो हलायचा नाही. पाचवा दिवस संपला की तीन-चार दिवसांत गाल उतरत, भूक मरे, आणि ती हळू बोलणारी शहाणी मुलगी परत येई. ती आली की त्याला बरं वाटे. आणि कुठेतरी हिरमुसल्यासारखंही वाटे. पण त्या गोष्टीकडे त्याने आजवर मान वळवून पाहिलं नव्हतं. आज डॉक्टरीणबाईंनी ती सरळ पुढ्यात आणून ठेवली होती.

ऑफिसात त्याची वाटच पाहत होते. नव्या वसाहतीतले रहिवासी आले होते, गाड्या वाढवा म्हणून. पुढारी म्हणून एक रिटायर्ड मास्तर, पांढरे केस, हातात छत्री. त्याने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि आपलं नेहमीचं पुराण लावलं. त्याच रस्त्यावर जास्त गाड्या सोडल्या तर त्या चौकात अडकतात, तीन एकदम येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही. गाड्या थोड्या पण वेळेवर, यात तुमचंच भलं आहे. हे त्याला झोपेतही म्हणता येतं. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बशीत उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "तुमचं पटतं हो. पण रस्त्यावर उभं राहिलं की जास्त ते जास्तच वाटतं." एरवी त्याने यावर हसून दुसरा तक्ता दाखवला असता. आज त्याने तक्ता उघडलाच नाही. आज तोही रस्त्यावर उभा होता, आणि त्यालाही जास्त ते जास्तच वाटत होतं. पण का वाटत होतं? औषध कमी पडेल, एखादी पेशी कुठेतरी हाडात दडून बसलेली असेल आणि त्या लांबलचक पांढऱ्या चौकोनांत डोकं वर काढेल, म्हणून? की स्टूल रिकामं राहील म्हणून? त्याने दोन्ही कारणं वेगळी करायचा प्रयत्न केला. ती सुटी होईनात. भीतीला हात घालावा तर हातात बटाट्याची साल यायची. आणि सगळ्यात वाईट हे, की परवा तो नाही म्हणाला तर जगात कुणालाही ते बापाच्या काळजीपोटीच वाटलं असतं. मुलीच्या हाडांवर महिन्यामागून महिना त्या औषधाचा मारा होत राहील, तिचे पाय ठणकतील, आणि लोक त्याला म्हणतील, काळजी घेणारा आहे हो. मास्तर निघताना छत्री विसरले, तो धावत जिन्यापर्यंत गेला द्यायला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा मुलगी आतल्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. त्याला पाहून हळूच हसली आणि पुन्हा चित्राकडे वळली. चेकर यायला अजून अवकाश होता. बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते, आणि ते काम तिच्या बोटांत इतकं भिनलंय की समोर कुणाचाही चष्मा दिसला की तिला तो पुसावासा वाटतो. तिने त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि पदराच्या टोकाने पुसायला लागली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती हेच करते. त्याला तिचा चेहरा धूसर दिसतो आणि बोलायला सोपं जातं, दोघांनाही.

"मग, काय म्हणतोस?"

त्याने पेशी, हाडं, बारा आठवडे, असं काहीतरी सुरू केलं. ती ऐकत राहिली. अर्ध्यात त्याचा त्यालाच कंटाळा आला. मग तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला की मला ते पाच दिवस आवडतात. बोलून झाल्यावर त्याला वाटलं की आता घरात काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. चष्मा पुसणारा हात थांबला, एवढंच.

"माहितेय मला," ती म्हणाली. "मी जागी असते. मांजराला तिकीट नाही म्हणून उतरवलं, तेव्हा उशीत तोंड खुपसून हसले होते मी."

"मग उठून का आली नाहीस?"

"आले असते तर तिने तिथे माझ्याकडेही काहीतरी मागितलं असतं. तुमचं दोघांचं चाललं होतं, चालू दिलं."

इतके महिने ती अंधारात पडून आपल्या वाट्याची झोप मोडून त्यांना ती पहाट देत होती, आणि तो मात्र ती पहाट आपली एकट्याची चोरी समजत होता. पण तिचं बोलणं संपलेलं नव्हतं. ती चष्म्याच्या काड्या उघडून मिटून पाहत होती. मग आवाज न चढवता म्हणाली, "पण एक सांगू? पहाटे ती तुझ्याकडे येते. दुपारी पाय ठणकायला लागले की माझ्याकडे येते. तुला बटाटे मिळतात, मला पाय मिळतात. मी ते पाय मांडीवर घेऊन बसते आणि ती विचारते, आई, हे कधी थांबणार. औषध पुरेल का याची भीती तुला आहे तेवढीच मलाही आहे. पण त्या दुपारी कमी होणार असतील, तर मला त्या कमी व्हायला हव्यात."

तिने चष्मा त्याच्या नाकावर परत चढवला आणि त्याला तिचा चेहरा स्वच्छ दिसला. दमलेला, जरा ओढलेला, राग नसलेला. त्या दुपारी तो ऑफिसात असतो. त्या त्याने कधी पाहिल्याच नव्हत्या. काळ्या चौकोनांत त्याने फक्त आपला पहाटेचा कोपरा पाहिला होता. करू सही, तो म्हणाला. ती म्हणाली, माझ्यासाठी म्हणून नको. तो म्हणाला, तुझ्यासाठी नाही, तिच्या पायांसाठी. आतून मुलीने विचारलं, कुणाच्या पायांसाठी, आणि दोघंही एकदम म्हणाली, टेबलाच्या.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं हॉस्पिटलात गेली. त्याने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा वळणदार आलं. डॉक्टरीणबाईंनी संगणकात काहीबाही भरलं, एक कळ दाबली, आणि तिघांच्याही माना पडद्याकडे वळल्या. त्या एवढ्याशा वेळात मनाशी काहीच म्हणायचं नाही असं त्याने आधीच ठरवलं होतं, जे येईल ते येऊ दे. पण मन कुठलं ऐकतंय. चार, ते म्हणालं. स्पष्ट म्हणालं. पडद्यावर बारा आलं. बायकोने त्याचा हात घट्ट धरला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यानेही तिचा हात दाबला. चांगलं झालं, असं तो म्हणाला. खरंच चांगलं झालं होतं. फक्त आतमध्ये एक स्टूल होतं आणि त्यावर कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून मुलीसमोर खाली वाकल्या. तुझं औषध आहे, म्हणून तुलाही कळायला हवं, असं म्हणून त्यांनी तिला समजावून सांगितलं. रोजची गोळी तशीच. पण त्या दुसऱ्या गोळ्या, ज्यांनी खूप भूक लागते, त्या आता लवकर लवकर नाही घ्यायच्या, बऱ्याच दिवसांनी घ्यायच्या. आवडेल ना? मुलीने बुटाचा पट्टा चिकटवला आणि विचार केला. ती शहाणी मुलगी होती, विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारलं तरी आधी विचार करत असे.

"मग मला पहाटे भूक नाही लागणार?"

"तेवढी नाही लागणार."

ती वळून बापाकडे पाहायला लागली. चेकरसारखी रोखून नाही. काहीतरी मागावं की मागू नये अशा नजरेने. मग हळूच म्हणाली, "मला जाग येते पण. भूक नसली तरी येते."

"कधी?" त्याने विचारलं.

"नेहमीच. पण तेव्हा मी हाक मारत नाही. नुसती पडून राहते."

मग त्याला कळलं. त्या सगळ्या पांढऱ्या चौकोनांत, ती परत शहाणी झाली, आता हिला आपली गरज नाही असं समजून तो आपल्या खोलीत कूस बदलून झोपत होता तेव्हा, भिंतीच्या पलीकडे ती डोळे उघडे ठेवून पडलेली होती. बाबाला उठवायचं तर भूकच लागलेली हवी, अशी तिची समजूत झाली होती. त्याचीही तीच झाली होती. बायकोने त्याचा हात सोडून आपला हात तोंडावर ठेवला.

"भूक नसली तरी हाक मारली तर चालते?" मुलीने विचारलं.

"चालते," तो म्हणाला.

तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसेना. तिच्या आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती चालते असं कधी झालं नव्हतं. गोळी असो, सुई असो, रक्त तपासणं असो, प्रत्येकाचं ठरलेलं असायचं.

"किती दिवसांनी?" तिने विचारलं.

"रोज," तो म्हणाला.

तिने खात्री करून घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, आणि त्यांनीही हो म्हणून मान हलवली.